केप कॉडच्या जुन्या इनमध्ये रहावं की नुसतं जेवून यावं?

आमसूल
नमस्कार मंडळी, आई-बाबा सप्टेंबरमध्ये येतायत. नायगरा आणि वॉशिंग्टन मागच्या खेपेला उरकलं, या वेळी न्यू जर्सीहून गाडीने मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकाठी केप कॉडला न्यायचं डोक्यात आहे, तीन रात्री. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे त्यामुळे समुद्र म्हणलं की पुढचं काही ऐकून घेत नाहीत. चेन हॉटेलांचा मला वीट आलाय, कुठल्याही राज्यात जा तोच गालिचा, तेच वॉफलचं मशीन. म्हणून तिकडच्या जुन्या इन, म्हणजे सरायवजा छोटी हॉटेलं, बघत होते, कुणा जहाजाच्या कप्तानाचं घर, शेकोटीवाली खोली, खालीच टॅव्हर्न म्हणजे खाण्यापिण्याचा बार वगैरे. फोटो बघून जीव टांगणीला लागलाय. नवरा म्हणतोय रात्रीचे साडेतीनशे डॉलर देऊन करकरणाऱ्या फळ्यांवर झोपायची हौस कुणाला. आई पक्की शाकाहारी, बाबांचा डावा गुडघा दुखतो. कुणी राहिलंय का अशा ठिकाणी? खरंखरं सांगा.

पळीपंचपात्र
नवऱ्याचं ऐका. हे लिहून धागा बंद करायला हरकत नाही.

गारठलेला_कोकणी
आमसूल, बॉस्टनला चौदा वर्षं काढली त्यामुळे केपला दरवर्षी जाणं होतं, हक्काने लिहितो. रहाणं आणि जेवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक ते एकत्र करतात आणि फसतात. ज्या इनची खोली छान तिथलं जेवण छान असेलच असं नाही, आणि जिथे जेवण फर्मास तिथे कित्येकदा खोल्याच नसतात. यारमथ पोर्टला ओल्ड यारमथ इन आहे, स्थापना १६९६ सांगतात, तिथे लोक आता जेवायलाच जातात. १६९६ म्हणजे महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्यानंतर बावीस वर्षांनी!! हे बाबांना सांगा, खूश होतील.

दुसरं, जुन्या इनमध्ये बहुतेक ठिकाणी जेवायच्या दोन जागा असतात. एक डायनिंग रूम, पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, कुजबुजत बोलायचं. आणि एक टॅव्हर्न, बुटकं छत, जाड तुळया, बार, लोक मोठ्याने हसतायत. स्वयंपाकघर एकच असतं हो! चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप, त्याच पातेल्यातलं. टॅव्हर्नमध्ये बसा, बिल कमी येतं आणि बाबांना मोठ्याने बोलता येतं.

सुमाआत्या
अगं आमसूल, गुडघा म्हणालीस म्हणून लगेच लिहितेय. या घरांचे जिने म्हणजे शिडीच असते शिडी. मी ब्रूस्टरला एका इनमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहिले, बॅग मालकीणबाईंच्या मुलाने वर नेऊन दिली म्हणून बरं, मी मात्र उतरताना बसून बसून उतरले लहान मुलासारखी. लिफ्ट नसते. वेबसाइटवर खोलीचा मजला लिहिलेला असतो पण आपण पलंग आणि पडदे बघण्यात गुंग. फोन करून विचार, तळमजल्यावरची खोली आहे का, आणि बाहेरून आत यायला किती पायऱ्या आहेत तेही विचार, कारण तळमजला म्हणतात आणि पोर्चला सहा पायऱ्या असतात.

रातकिडा
मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

"ऐतिहासिक" हा शब्द नीट तपासून घ्यावा. त्यात तीन प्रकार असतात. कधी इमारत जुनी असते, कधी नुसती जागा जुनी असते आणि कधी फक्त नाव जुनं असतं. सँडविच हे केपवरचं सगळ्यात जुनं गाव, १६३७ ची वसाहत. तिथे डॅनल वेब्स्टर इन नावाचं प्रसिद्ध ठिकाण आहे, त्या जागी पूर्वी खरंच टॅव्हर्न होतं आणि सिनेटर डॅनियल वेब्स्टर तिथे येत असत, पण जुनी वास्तू १९७१ साली आगीत गेली, आज आहे ती नंतर बांधलेली. वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, उलट गुडघेवाल्यांना नवीन इमारत सोयीची, फक्त हा खांब वेब्स्टरने बघितला असेल म्हणून हात फिरवत बसू नका. चॅटम बार्स इन खरोखर १९१४ चं, शिकारीचं लॉज म्हणून बांधलेलं, पण ते आता आलिशान रिसॉर्ट आहे, खेड्यातली इन म्हणून जाल तर बिल बघून घेरी येईल.

आता इन हा प्रकार मुळात आला कुठून. मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकात गावात वाटसरूंच्या खाण्यापिण्याची सोय असणं ही गावाची जबाबदारी होती, १६५६ पासून तर ती सोय नसेल तर गावाला दंड व्हायचा. अशा जागेला तेव्हा 'ऑर्डिनरी' म्हणत. म्हणजे आपली धर्मशाळा आणि खानावळ एकत्र, फक्त दारूसकट. खोली वगैरे मिळायची नाही, पलंगाचा अर्धा भाग मिळायचा, उरलेल्या अर्ध्यावर अनोळखी माणूस. सप्टेंबर १७७६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स न्यू ब्रन्सविकच्या एका इनमध्ये असेच एका पलंगावर झोपले होते, इंग्रजांच्या अ‍ॅडमिरल लॉर्ड हाऊला भेटायला निघाले होते बिचारे. खोलीला एकच छोटी खिडकी. अ‍ॅडम्सची तब्येत नाजूक, त्यांनी रात्रीची हवा बाधेल म्हणून खिडकी लावून घेतली. फ्रँकलिन म्हणे उघडा, नाहीतर गुदमरू, आणि थंड हवेने सर्दी होत नाही यावर माझा एक सिद्धांत आहे तो ऐका. अ‍ॅडम्सनी स्वतः लिहून ठेवलंय की तो सिद्धांत ऐकता ऐकता मला झोप लागली.

पळीपंचपात्र
न्यू ब्रन्सविक जर्सीत आहे. धागा केप कॉडचा आहे.

आमसूल
मी जर्सीचीच आहे, चालतंय 😀 रातकिडा, भारी किस्सा. आई-बाबांचं एसीवरून रोज हेच चालतं.

कोकणी, टॅव्हर्नची टीप लिहून घेतली. आता मेनूबद्दल सांगा ना, बाबांना काय काय मिळेल? आणि आईचं काय करू?

गारठलेला_कोकणी
बाबांचं सोपं आहे. आधी शब्द सांगतो. को-हॉग म्हणजे आपल्या तिसऱ्यांची दांडगी मोठी बहीण समजा, जाड कवचाची. लिटलनेक, चेरीस्टोन आणि चाउडर क्लॅम ही तीन वेगळी जनावरं नाहीत, एकच आहे, लहान ते मोठं. लहान कच्ची खातात लिंबू पिळून, सगळ्यात मोठी चिवट असते म्हणून चिरून चाउडरमध्ये, नाहीतर पावाचा चुरा घालून शिंपल्यातच भाजतात. कालवं खायची तर केपवरच्या वेलफ्लीट गावची, त्यांची खारट चव बाबांना लगेच ओळखू येईल. शेवंड म्हणजे लॉबस्टर, ते सांगायला नको. स्कॉलप घेणार असाल तर लक्षात ठेवा, छोटे गोड बे स्कॉलप नोव्हेंबरपासून येतात, सप्टेंबरात जे मिळतील ते खोल समुद्रातले मोठे.

आता कॉड. गंमत बघा, ज्या माशावरून अख्ख्या जमिनीचं नाव पडलं तो इथे राहिलाच नाही फारसा. इतका उपसला की १९९४ च्या डिसेंबरात केपच्या पूर्वेला समुद्रातल्या जॉर्जेस बँकचे मोठे पट्टे मासेमारीला बंद करावे लागले, त्यानंतर तो सावरलाच नाही म्हणायला हरकत नाही. इनमध्ये ताटात येणारा कॉड बऱ्याचदा आइसलँड नाहीतर नॉर्वेचा असतो. 'स्क्रॉड' लिहिलेलं दिसलं तर तो लहान कॉड किंवा त्याचा भाऊबंद हॅडॉक. मग चॅटमचे कोळी पकडतात काय? मुशी आणि पाकटाच्या जातीचे मासे! हो, डॉगफिश म्हणजे आपली मोरीच, आणि स्केट. तो माल युरोपात जातो, तिकडे त्याचे फिश अँड चिप्स होतात. इथल्या लोकांना त्याची किंमत नाही. मी पहिल्यांदा चॅटमच्या धक्क्यावर क्रेटच्या क्रेट मोरी उतरताना बघितली आणि डोळ्यात पाणी आलं, आठशे ग्राम द्या हो म्हणावंसं वाटलं.

शेंगदाणा_चटणी
शाकाहारींच्या वतीने मी बोलते, कारण वीस वर्षं या देशात मी फक्त भाजलेला बटाटा आणि सॅलडवर इतिहास बघितलाय.

आमसूल, चाउडर विसर. शिंपले काढून द्या म्हणलं तरी तळाशी खारवलेलं डुकराचं मांस किंवा बेकन परतलेलं असतं. कॉर्न चाउडर दिसलं की आपण खूश होतो, त्यातही बेकन असू शकतं. बेक्ड बीन्समध्ये तेच. प्रॉव्हिन्सटाउनला पोर्तुगीज केल सूप मिळतं, नावात पालेभाजी आणि आत सॉसेज. प्रत्येक गोष्ट विचारावी लागते आणि "व्हेजिटेरियन का?" असं नुसतं विचारून भागत नाही, "कशात शिजवलंय" असं विचारायचं, ब्रॉथ कसला आहे विचारायचं.

पण इनचा एक मोठा फायदा आहे जो चेन हॉटेलात नाही. तिथे माणूस असतो. मी दोन दिवस आधी फोन केला, माझी आई अंडंसुद्धा खात नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी स्क्वॉश भाजून त्यात क्रॅनबेरी, अक्रोड, भात घालून दिला आणि आई म्हणाली तिखट असतं तर भरली वांगी विसरले असते. नाश्ता मात्र अंड्यांभोवतीच फिरतो, तेव्हा ओटमील, फळं, टोस्ट. मफिनमध्ये अंडं असतं हे आईला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

आणि गोडात इंडियन पुडिंग दिसलं तर उड्या मारू नका, आपला संबंध नाही. मक्याच्या पिठाला तेव्हा इंडियन मील म्हणायचे म्हणून ते नाव. मक्याचं पीठ, दूध आणि मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखं, तासन् तास मंद ओव्हनमध्ये. बघायला चिखल, खायला काकवीतली मऊसूत लापशी. वर व्हॅनिला आइस्क्रीम. अंडं कधी घालतात कधी नाही, विचारा.

रातकिडा
इंडियन पुडिंगवर +१. फळ्यांचंही सांगायचं राहिलं. आमसूल, तुमच्या यजमानांना करकरणाऱ्या फळ्यांचा राग आहे ना, तर त्या फळ्यांची रुंदी मोजायला सांगा. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेत इंग्लंडच्या राजाने बुंध्याशी २४ इंच किंवा त्याहून जाड झाडं आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली होती, आधीच खाजगी झालेल्या जमिनीवरची सोडून. मुख्यतः पाइनची झाडं त्यात जायची. तरी जुन्या घरात चांगल्या हातभर रुंद फळ्या दिसतात, आणि मग मालक डोळा मारून सांगतो की आमच्या खापरपणजोबांनी राजाचं लाकूड पळवलं. खरं खोटं देव जाणे, पण बऱ्याच जणांनी पळवलंच होतं.

छतावरच्या कठड्याच्या गच्चीला 'विडोज वॉक' म्हणतात, कप्तानाची बायको तिथून जहाजाची वाट बघायची अशी कथा प्रत्येक इनमध्ये ऐकवतील. धुराड्याला आग लागली तर वरून पाणी, वाळू ओतता यावी हा त्याचा खरा उपयोग असावा म्हणतात. पण मेणबत्तीच्या उजेडात हे कुणाला सांगू नये.

पळीपंचपात्र
मी एकदा राहिलोय म्हणून बोलतो. नाव घेत नाही. साइटवर "सी कॅप्टन्स सुइट". प्रत्यक्षात पलंग एवढा उंच की चढायला स्टूल ठेवलेलं, बाथरूम कपाटात बसवल्यासारखं, आणि शेजारच्या खोलीतला माणूस कूस बदलला की मला कळायचं. सकाळी नाश्त्याला तोच माणूस समोर. एकाच मोठ्या टेबलावर सगळ्यांनी बसायचं, ओळख करून द्यायची, तुम्ही कुठले आम्ही कुठले. मला सकाळी दहापर्यंत बायकोशीही बोलायला आवडत नाही.

शिवाय बिल. भाड्यावर राज्याचा ५.७ टक्के, गावाचा ६ टक्क्यांपर्यंत, आणि केपवर पाण्याच्या फंडासाठी २.७५ टक्के वेगळे. बेरीज १४.४५ पर्यंत जाते. साडेतीनशेचे चारशे झालेच. जेवणावर ६.२५ आणि बहुतेक गावात वर ०.७५, म्हणजे ७, मग टिप. सीझनमध्ये दोन किंवा तीन रात्रींची अट. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांखालची मुलं चालत नाहीत.

सुमाआत्या
पळी, तू घरीच रहा रे बाबा. त्या एका टेबलावरच्या नाश्त्यामुळे मला मेन राज्यातल्या एक बाई भेटल्या, आठ वर्षं झाली, अजून नाताळला कार्ड येतं.

आमसूल
हाहा. पळीपंचपात्र, कराचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. मुलं आणत नाहीये, प्रश्न मिटला.

ठरवलंय असं: दोन रात्री ब्रूस्टरच्या एका इनमध्ये, तळमजल्याची खोली आई-बाबांना, आम्ही वर. फोनवरच्या बाईंनी गुडघा कुठला, उजवा की डावा, हेही विचारलं कारण कठडा एकाच बाजूला आहे म्हणे!! जेवण रोज वेगळीकडे. तिसरी रात्र येताना वाटेत कुठेतरी. सुचवा.

गारठलेला_कोकणी
जर्सीला परत जाताना आय-९५ वरून थोडं आत कनेक्टिकटमध्ये एसेक्स गाव आहे, नदीकाठी, तिथे ग्रिसवोल्ड इन, १७७६ पासूनचं. १८१४ मध्ये इंग्रजांनी नदीतून चढून येऊन त्या गावातली जहाजं जाळली होती. टॅप रूममध्ये बसा. नाहीतर ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला व्हाइट हॉर्स टॅव्हर्न, १६७३ चं, पण तिथे जेवणच, झोपायला दुसरीकडे.

शुक्रवारी दुपारी केपवर शिरू नका, रविवारी दुपारी बाहेर पडू नका. केपच्या तोंडाशी असलेल्या कॅनॉलवर गाड्यांचे पूल दोनच, दोन्ही १९३५ चे, सगळं जग त्यावर. आणि पूल ओलांडला की हायवे सोडून ६ए धरा, जुना किंग्ज हायवे, १९७३ पासून तो पट्टा कायद्याने जपलाय, कुणालाही घराला वाट्टेल तो रंग फासता येत नाही. जुन्या इन बऱ्याचशा याच रस्त्याला आहेत. सावकाश चालवा, बाबांना डावीकडे उजवीकडे बघू दे.

ब्रूस्टरला ओहोटीची वेळ बघून जा. पाणी मैलभर मागे जातं, ओल्या वाळूवर चालतच रहायचं.

आमसूल
(तीन आठवड्यांनी) आलो जाऊन!! सगळ्यांना वेगवेगळे धन्यवाद द्यायला हवेत.

आधी जेवण. पहिल्या रात्री हौसेने डायनिंग रूममध्येच बसलो, कोकणी सॉरी, तुमचं ऐकलं नाही. बाबांनी लॉबस्टर मागवला, त्यांना तो प्लास्टिकचा एप्रन बांधला, आणि ते एवढ्या शांततेत तो फोडायला लागले की कडाक् आवाज झाला की अख्खी खोली वळून बघायची. दुसऱ्या रात्री गुमान टॅव्हर्न. तिथे बाबांनी बारटेंडरला मोरीबद्दल विचारलं, तो म्हणाला माझा भाऊच डॉगफिश पकडतो पण आमच्या घरात कुणी खाल्ला नाही कधी, मग बाबांनी त्याला मोरीचं मटण कसं करतात ते सगळं सांगितलं, मी भाषांतर करत होते, त्रिफळाला काय म्हणायचं ते मला आलं नाही, म्हणलं झणझणणारं मिरं. त्याने नॅपकिनवर लिहून घेतलंय.

आईला शेंगदाणा_चटणी यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी फोन करून सांगितलेलं, मश्रूम आणि बार्लीचं काहीतरी दिलं, भाज्यांच्या ब्रॉथमधलं. आईचं मत, "मीठ हवं होतं". इंडियन पुडिंग मात्र तिने दोन्ही रात्री खाल्लं, बिनअंड्याचं होतं, विचारलं.

ओहोटीला ब्रूस्टरला चालत गेलो, बाबा चपला हातात घेऊन पुढे, आणि बघते तर पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागलेले, तिसऱ्या आहेत म्हणे खाली. नवऱ्याने धावत जाऊन थांबवलं, कारण तिथे गावाचा परवाना लागतो शिंपले काढायला, आणि को-हॉग बिजागरीपाशी इंचभर जाड नसेल तर काढायचाच नाही असा नियम आहे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नियम बरोबर आहे, आपल्याकडे लहान लहान उचलून खाडी मोकळी केली लोकांनी.

नवऱ्याला इन आवडली का? तो कबूल करत नाही. पण टेप घेऊन फळ्या मोजल्या त्याने, आमच्या खोलीतली सगळ्यात रुंद १९ इंच.

रातकिडा
१९!! फोटो टाका. आणि झोप लागली का आई-बाबांना?

आमसूल
तेच सांगायचं राहिलं. खिडकी जुनी, वर सरकवायची, ती आपोआप वर रहात नाही, खाली एक लाकडी दांडी उभी करून ठेवायची. बाबांना समुद्राचा वारा हवा, आईला थंडी. बाबा उघडून झोपले. मध्यरात्री आई हळूच उठली, दांडी काढली, खिडकी हातातून निसटली आणि धाडकन खाली. वरून मी, नवरा, शेजारचं जोडपं, सगळे जागे. सकाळी त्या मोठ्या टेबलावर सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. आई म्हणते मला काही माहीत नाही, मी तर लगेच झोपले.

फ्रँकलिनसाहेब मात्र अंधारात पलंगाखाली वाकून दांडी शोधत बसले होते, डावा गुडघा धरून. दांडी आईच्या उशीखाली होती.